आयटीआयला घातले म्हणजे पोर वाया गेले काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या माणदेशातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पंचावन्न टक्के पडलेले असतात. चुलते म्हणतात, "आयटीआयला घाला, लवकर हाताशी येईल." आईचा चेहरा उतरतो. वडील गप्प. आणि ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो पोरगा उंबऱ्यात बसून मोबाईल बघत असतो, कारण त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हसवडच्या पेठेपासून माणगंगेच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत हे चित्र आम्ही दरवर्षी पाहतो. पोरीचा निकाल असेल तर चर्चा आणखी लवकर संपते. तिला शिवणक्लास.

आईचा चेहरा का उतरतो, याचा विचार आम्हाला अगत्याचा वाटतो. तिला कॉलेजचे खूळ लागले आहे असे म्हणून भागणार नाही. 'हाताचे काम' हा शब्द ऐकला की आमच्या घरात पिढ्यान्पिढ्यांची आठवण जागी होते. गावकीची कामे, मेलेली जनावरे ओढणे, वेठीला जाणे. त्या कामांवर लाथ मारूनच समाज उभा राहिला. १९५८ साली कायद्याने महार वतने गेली आणि तो फास सरकारदप्तरीही सुटला. एवढे सोसून शाळेत घातलेले पोर पुन्हा हातोडा-पक्कड घेऊन उभे राहणार, हे माऊलीच्या पचनी पडत नाही. तिची शंका खरी आहे. मात्र तिचे उत्तर दरवेळी बरोबर असेलच असे नाही. म्हणून आज या शिक्षणाची सारी व्यवस्था कशी चालते ते थोडे बैजवार सांगावे म्हणतो.

आधी त्या शंकेविषयी. कसबाचे दार जातीने कसे बंद केले जाते याचा दाखला मुंबईच्या गिरण्यांत आहे. गिरणीत आमच्या माणसांना काम मिळे, पण सूतकताईच्या खात्यात. चांगला पगार होता विणकाम खात्यात, आणि तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंडाने ओढून धोट्यात ओवावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा दुसरे कामगार तोंडाला लावणार नाहीत! १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. गिरणीच्या मालकाला कापड हवे होते आणि कामगार संघटनेला एकी हवी होती. पण मधल्या त्या एका धाग्याशी येऊन दोघेही थबकले होते.

दुसरा दाखला मद्रासचा. १९५३ साली तिथले मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकायचा. वरवर पाहता गोष्ट शहाणपणाची. पण चांभाराच्या पोराने चामडे आणि धोब्याच्या पोराने कपडे, असाच त्याचा अर्थ होणार होता. लोकांनी तिला 'कुलधंद्याचे शिक्षण' असे नाव ठेवले आणि रान उठवले. राजगोपालाचारींना पद सोडावे लागले, आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती योजना रद्द केली.

बाबासाहेब कशाच्या बाजूने होते

मग आमच्या पुढाऱ्यांनी हाताच्या शिक्षणाकडे पाठ फिरवावी असे सांगितले का? मुळीच नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला हा माणूस त्यात म्हणतो की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आमच्या लोकांचे फार साधणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरच्या दर्जाचे शिक्षण पाहिजे. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. एवढ्यावर न थांबता सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी केली. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती.

नीट पाहिले तर मद्रासची योजना आणि ही मागणी यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकीकडे बापाचे काम पोराच्या गळ्यात. दुसरीकडे बापाला ज्या कारखान्याच्या फाटकातून आत जाता आले नाही, त्या कारखान्यातील यंत्र पोराच्या हातात. व्यवसाय शिक्षणाची पारख आम्ही याच कसोटीवर करतो.

बाबासाहेबांच्या बालपणीची एक गोष्ट आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील आहे. १९०१ च्या सुमारास रामजी सुभेदार तिथे रोखपाल होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. मसूर स्टेशनावर उतरून वडिलांना भेटायला निघालेल्या त्या पोरांना गाडीवानाने काय वागवले, ते वाचकांना ठाऊक आहे. आम्ही आज त्या कामाकडे दुसऱ्या अंगाने बोट दाखवतो. दुष्काळी कामावर शेकडो माणसे माती उपसतात, खडी फोडतात. एखादा माणूस हिशेब ठेवतो, एखादा टेप धरून मापे घेतो, एखादा नकाशा वाचतो. १९७२ च्या दुष्काळात माणदेशात हेच दृश्य होते. त्या टेपवाल्याला ओव्हरसियर म्हणत आणि तो बहुधा बाहेरगावचा असे. खडी फोडणारा घरचा आणि नकाशा वाचणारा परका, असे का व्हावे?

दोन दारांची व्यवस्था

आता व्यवस्थेकडे वळू. आपल्या देशात व्यवसाय शिक्षणाला दोन वेगवेगळी दारे आहेत आणि पालकांचा अर्धा गोंधळ त्यामुळेच होतो.

पहिले दार औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे. १९५० साली केंद्र सरकारने कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ साली संस्थांचा कारभार राज्यांकडे आला. हे दार शिक्षण खात्याचे नव्हे. पूर्वी ते केंद्रात मजूर खात्याकडे होते, २०१५ पासून कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहे. अभ्यासक्रमाला ट्रेड म्हणतात. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना दहावी गणित-विज्ञानासह लागते आणि दोन वर्षे लागतात. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, नळकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडला आठवी पासवरही प्रवेश आहे. शेवटी परीक्षा होऊन देशभर चालणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते.

त्यापुढचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्यांना शिकाऊ मुले घेणे बंधनकारक केले. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ घेतले पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे. याच कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याचे कलम आहे. हे कलम आमच्या किती घरांत ठाऊक आहे? नोकरीतील आरक्षणावर सभा होतात, शिकाऊ जागांच्या आरक्षणावर झालेली सभा आम्ही अजून ऐकलेली नाही.

दुसरे दार शाळेतले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सांगितले होते की उच्च माध्यमिक टप्प्यावरची निम्मी मुले व्यवसाय शिक्षणाकडे जावीत. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने अपेक्षा खाली आणली आणि १९९० पर्यंत दहा टक्के, १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असे ठरवले. १९९२ मध्ये मुदत पुन्हा पुढे ढकलली, १९९५ आणि २००० अशी. शतक उलटले तरी दहा टक्क्यांचाही पल्ला गाठता आला नव्हता. आपल्याकडे अकरावी-बारावीला आधी द्विलक्षी आणि पुढे किमान कौशल्यावर आधारित, म्हणजे एमसीव्हीसीचे अभ्यासक्रम निघाले. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. त्यात शाळेच्या नववीपासून बारावीपर्यंत एक ते चार अशा पायऱ्या ठरवल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला पाठवावे असे सुचवले आणि २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख झाली पाहिजे असे लिहिले. आपल्या गावच्या शाळेत त्यातले काय उतरले हे पालकांनी शाळेत जाऊन स्वतः विचारावे. आणि एक सावधगिरी. 'कुंभाराकडे पाठवा' हे ठीक, पण वर्गातली कोणती मुले कोणाकडे पाठवली, यावर पालकांची नजर पाहिजे. झाडू कोणाच्या हातात आणि संगणक कोणाच्या हातात, ही वाटणी शाळेत फार गुपचूप होते.

त्याच धोरणात एक आकडा आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतात १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जणांनी रीतसर व्यवसाय शिक्षण घेतले होते. जर्मनीत हे प्रमाण पंचाहत्तर टक्के, दक्षिण कोरियात शहाण्णव. जर्मनीत मूल आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कारखान्यात शिकते आणि कारखाना त्याला पगार देतो. तिथे गवंड्याच्या प्रमाणपत्राला मान आहे. आपल्याकडे हाताला घाण लागली की जात आठवते, मग मान कुठून येणार? व्यवसाय शिक्षण मागे का पडले याची कारणे समित्यांनी पुष्कळ दिली. निधी नाही, यंत्रे नाहीत, शिक्षक तासिकेवर. सारी खरी. पण हे मोठे कारण अहवालात फार थोडक्यात उरकले जाते, असे आम्हाला वाटते.

पाबळची शाळा

महाराष्ट्रात एक प्रयोग मात्र मनापासून सांगावासा वाटतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातले पाबळ हे गाव आमच्यासारखेच कमी पावसाचे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी शाळेसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' असा विषय तयार केला. आठवी ते दहावीची सगळी मुले आठवड्यातून एक दिवस कामातून शिकतात. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, घर आणि आरोग्य. मुलगेही स्वयंपाकातले पोषण शिकतात आणि मुलीही वेल्डिंग करतात. शिकवायला गावातले कारागीर येतात आणि मुले गावाची खरी कामे करून देतात.

यातली मेख 'सगळी मुले' या शब्दांत आहे. नापास मुलांना निवडून वेगळ्या वर्गात बसवले की तो वर्ग आपोआप दलितांचा आणि गरिबांचा होतो. पाटलाचे पोर आणि आमचे पोर एकाच टेबलावर लोखंड कापायला लागले तर लोखंडाची जात उरत नाही. डॉ. कलबाग २००३ साली गेले, पण विज्ञान आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

मामा नसलेल्यांची शाळा

म्हसवडकरांना शाळेबाहेरचे कसब शिकण्याची पद्धत चांगली माहीत आहे. माण, खटाव, आटपाडी, खानापूर या पट्ट्यातील माणसे गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळण्यासाठी, देशभरच्या शहरांत गेली. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की मामा किंवा भावकीतला कोणी त्याला बरोबर नेतो. तो भट्टीजवळ बसतो, बघतो, शिकतो आणि काही वर्षांत स्वतःचे दुकान टाकतो. ही उत्तम शिकाऊ उमेदवारी आहे. फक्त तिच्या दारावर नातेगोते उभे असते. ज्याचा मामा धंद्यात नाही त्याने काय करावे?

सरकारी वर्कशॉपचे महत्त्व आम्हाला इथे दिसते. तिथे मामा लागत नाही. महाराष्ट्रात प्रवेशात १३ टक्के जागा अनुसूचित जातींना आहेत, ३० टक्के मुलींना आहेत. गुणवत्ता यादी भिंतीवर लागते. भावकीच्या ओळखीने मिळणारे कसब तिथे अर्ज भरून मिळते.

मुलींविषयी आणि बायांविषयी लिहायचे तर म्हसवडचेच उदाहरण हाताशी आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक इथे सुरू झाली. तिच्या जन्माला कारण झाली ती रस्त्याच्या कडेला पाल ठोकून लोहारकाम करणारी एक बाई. तिला आपल्या कमाईतून थोडे पैसे शिल्लक टाकायचे होते, पण कोणतीही बँक खाते उघडून देईना. रिझर्व्ह बँकेनेही पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया अक्षरे शिकल्या आणि पुन्हा जाऊन बसल्या. व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमचे साहेब मशीनशिवाय करतात का बघू, असे त्यांनी सुनावले. परवाना मिळाला. त्या लोहारणीच्या हातात कसब होते, ऐरण होती, गिऱ्हाईक होते. नव्हती ती खात्यावरची सही. पुढे २००६ पासून तिथे बायांसाठी उद्योगाची शाळा सुरू झाली, गावोगाव बस जाऊ लागली. शिवणकामाबरोबर पैशाचा हिशेब, मालाचा भाव, कर्जाचे कागद शिकवले जाऊ लागले. शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे काम शिकून त्यावर कमावणाऱ्या बायाही या भागात तयार झाल्या. ही शाळा राष्ट्रीय व्यवस्थेचा भाग नाही, पण राष्ट्रीय व्यवस्थेने तिच्याकडून शिकावे असे त्यात एक आहे. नुसते यंत्र चालवायला शिकवून भागत नाही, त्या यंत्राचा हिशेबही शिकवावा लागतो.

तेव्हा भगिनींनो, पोरीला शिवणक्लासच घालायचा असेल तर जरूर घाला, पण आधी इलेक्ट्रिशियनच्या यादीत मुलींच्या जागा रिकाम्या राहिल्या आहेत का, ते बघा. माणदेशात सौरऊर्जेची पाती दिसू लागली आहेत, पवनचक्क्या तर फार वर्षांपासून फिरत आहेत. म्हसवड-धुळदेव भागात औद्योगिक वसाहत व्हावी हा विषयही अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतो. ती होईल तेव्हा होईल. झाली तर फाटकावर काठी घेऊन कोण उभे राहील आणि आत पॅनेलसमोर कोण बसेल, हे आजच्या आठवी-नववीच्या मुलांवर ठरणार आहे.

शिडी वर जाते का?

आईची मुख्य भीती अशी की आयटीआय म्हणजे शिक्षण संपले. पूर्वी बऱ्याच अंशी तसेच होते. आता वाट आहे, फक्त ती कोणी समजावून सांगत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकमध्ये थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तिथे दोन वर्षे काढली की पदविका. पदविकेवरून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथे तीन वर्षे. बेरीज करा. दोन अधिक दोन अधिक तीन, दहावीनंतर सात वर्षे. बारावी करून जाणाऱ्याला दोन अधिक चार, सहा लागतात. एक वर्ष जास्त, पण मधल्या दोन्ही थांब्यांवर हातात कमावण्याचा कागद. घरात आजारपण आले, पाऊस पडला नाही, तर बारावीवाला रिकाम्या हाताने घरी येतो, हा येत नाही. शिवाय दोन वर्षांच्या ट्रेडबरोबर राज्य मंडळाची भाषा विषयांची परीक्षा दिली तर बारावीची समकक्षता मिळते. ज्याला शिकवायची आवड आहे त्याने निदेशकाचे एक वर्षाचे प्रशिक्षण घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये निदेशक म्हणून उभे राहण्याची तयारी करावी. आमच्या समाजातील मास्तर पुष्कळ झाले, निदेशक अजून थोडे आहेत.

ज्याला पंच्याऐंशी टक्के आहेत आणि डॉक्टर व्हायचे आहे त्याला आयटीआयला ढकलू नका, हे सांगायला नकोच. तसेच तीन महिन्यांच्या 'हमखास नोकरी'च्या जाहिरातींपासून जपून राहा. अल्पमुदतीचे वर्ग सगळेच वाईट नसतात, पण पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे, ते राष्ट्रीय परिषदेला मान्य आहे का आणि त्यावर पुढच्या वर्गात प्रवेश मिळतो का. उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर उठून यावे.

कागदपत्रांची तयारी मात्र निकालाआधीच करावी. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर होतात आणि फेऱ्या भराभर संपतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. दहिवडीला एका हेलपाट्यात काम होत नाही हे आम्ही सांगायला नको. दहावीवर प्रवेश असलेल्या ट्रेडला अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. आणि ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिले आहे त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण रेल्वे किंवा केंद्राच्या कारखान्यातील शिकाऊ जागेसाठी केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला मागतात. राज्याचा दाखला घेऊन गेलेली मुले ऐन वेळी अडतात. तो दाखला मुलगा नववीत असतानाच काढून ठेवावा.